वारा पडलाय काय?

गेल्या एप्रिलच्या अखेरची संध्याकाळ. पडवीत आढी लावलेली. भाताच्या पेंढ्यावर हापूसचा थर, त्यावर पुन्हा पेंढा, आणि त्यातून वर येणारा तो दाट, गोडसर उबारा. अण्णा पाटावर बसून आढी बघत होते. एकेक फळ उचलायचं, देठाशी अंगठ्याने अगदी हलकं चाचपायचं, नाकाशी न्यायचं आणि आज, उद्या, परवा अशा तीन ढिगांत लावायचं. बनियन पाठीला चिकटलेलं. पंखा होता, पण तो नुसती गरम हवा इकडची तिकडे करत होता. तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात, केंटमध्ये असते. तिकडे दुपारचा एक वाजला होता आणि अंगात जाड स्वेटर. "मामा, आजोबा आहेत का जवळ? आज रात्री इथे फ्रॉस्ट सांगितलंय. मागच्या सफरचंदाला आत्ता कुठे फुलं आलीयेत. काय करू?"

मला हसूच आलं. घामाने निथळणाऱ्या माणसाला दव गोठवणाऱ्या थंडीवर सल्ला विचारायचा! पण अण्णांनी हातातलं फळ खाली ठेवलं, हात पंचाला पुसले, फोन जवळ घेतला आणि फ्रॉस्ट म्हणजे काय वगैरे काही न विचारता सरळ म्हणाले, "अगो, आभाळ मोकळं आहे काय? आणि वारा पडलाय काय?"

आभाळ सकाळपासून निळंशार होतं. वारा संध्याकाळी पडेल असं अंदाजात म्हटलं होतं.

"मग पडणार," अण्णा म्हणाले. "झाड सखलात आहे की उंचावर?"

मला हे नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. अण्णांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो हर्णै बंदरात, माशांच्या टोपल्यांवर मारलेला. सफरचंदाचं झाड तर त्यांनी चित्रातच बघितलंय. आणि तरी हवामानशास्त्राच्या पुस्तकात जे दोन प्रश्न पहिल्या पानावर असावेत, तेच दोन त्यांनी विचारले. तिसरा विचारला तोही बरोबर. मी पदवीधर, खिशात फोन, त्यात हवामानाची दोन-दोन ॲप, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला असेल तर "किती डिग्री सांगितलंय?"

कोकणात थंडी नसतेच, असं घाटावरचे लोक मोठ्या खात्रीने सांगतात. त्यांना डिसेंबरात पहाटे पाचला दापोलीच्या स्टँडवर उभं करायला हवं. दापोलीचा पारा दहाच्या खाली उतरल्याची बातमी दर एक-दोन हिवाळ्यांत छापून येते आणि मुंबईची मंडळी तेवढ्यावर गाड्या काढतात. पण त्याच पहाटे, त्याच तालुक्यात, खाली हर्णैला माणसं साध्या सदऱ्यात जेटीवर उभी असतात. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. एक गाव सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, एक समुद्राला पाय लावून. पाणी दिवसभराची ऊब सहजासहजी सोडत नाही, जमीन मात्र दिवस मावळल्या मावळल्या सोडायला लागते. म्हणून रात्री वाऱ्याचं तोंड फिरतं आणि मतलई वारा जमिनीकडून दर्याकडे वाहतो. आमचं गाव या दोघांच्या मध्ये, उतारावर. तेव्हा बातमीत "दापोली तालुका" असा जो आकडा येतो, तो आमच्या अंगणाला कधीच नीट बसत नाही.

हे मला फोनने नाही, मोटारसायकलने शिकवलं. रोज संध्याकाळी दापोलीहून कामावरून परतताना एक वळण लागतं. डावीकडे पऱ्या, पलीकडे भाताची खाचरं, वर दोन्हीकडून डोंगराची धार. डिसेंबर-जानेवारीत तिथे पोचलं की आधी गुडघे गार पडतात, मग हाताच्या बोटांची पेरं, आणि पुलावर आलं की थेट गळ्यापाशी. पूल ओलांडून चढ चढायला लागलं, की एखाददोन मिनिटांत ते सगळं मागे राहतं आणि हवा पुन्हा कोमट होते. एकाच रस्त्यावर, एकाच वेळेला. थंड हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत येते आणि सखलात साचते. अण्णांच्या शब्दांत, "गारठा पाण्यासारखा उतरतो." त्यांनी या पुलाजवळच्या तुकड्यात कधी कलम लावलं नाही. तिथे वाल आणि पावटा. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या अंगओलितावर आणि पहाटेच्या दवावर येणारी ही पिकं. त्यांना तो गारठा मानवतो. कलमं वर, कातळाच्या कडेला. लहानपणी मला वाटायचं, वर पाण्याची बोंब आहे तरी हे डोकं कातळावरच का आपटतात?

तर आभाळ आणि वारा. दिवसा जमीन तापते आणि रात्री ती ऊब वर, आभाळाकडे फेकत राहते. मध्ये ढग असले तर ते बरीचशी ऊब परत खाली पाठवतात. ढग म्हणजे गावावर पांघरलेली गोधडी. आभाळ मोकळं असलं की जमीन उघडी पडते. त्यातून वारा वाहता असेल तर वरची ऊबदार हवा आणि जमिनीलगतची गार हवा एकमेकींत मिसळत राहतात, फार काही बिघडत नाही. वारा पडला की गार थर जमिनीला धरून बसतो आणि अधिकाधिक गार होत जातो. मग पहाटेच्या सुमाराला गवताच्या पात्यावरचं तापमान आणि माणसाच्या छातीच्या उंचीवरचं तापमान यांत चक्क काही अंशांचा फरक पडतो. वेधशाळेचा तापमापक असतो सव्वा मीटरभर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत. तो म्हणतो तीन अंश, आणि खाली गवत पांढरं झालेलं. इंग्लंडचं हवामान खातं म्हणूनच दोन वेगळे फ्रॉस्ट मानतं, एक हवेतला आणि एक जमिनीवरचा.

लांब कशाला जा. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर. तिथे वेण्णा तलावाच्या काठी गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठल्याचे फोटो जवळजवळ दर हिवाळ्यात पेपरात येतात, आणि त्याच बातमीत गावातलं किमान तापमान मात्र शून्याच्या चांगलं वर दिलेलं असतं. लोक म्हणतात, वेधशाळा चुकली. चुकत नाही. पेटी एका जागी, तलावाचं सखल दुसऱ्या जागी, आणि रात्र निरभ्र.

अण्णा यातलं काहीच या शब्दांत सांगत नाहीत. त्यांना विचारलं की म्हणतात, "चांदण्या लुकलुकत नसल्या नि कुत्रं चुलीत शिरून निजलं, की समजायचं." पण ज्या गोष्टीवर त्यांचं वर्षाचं उत्पन्न टांगलेलं असतं ती हीच, निरभ्र आणि निवांत रात्र. फक्त त्यांना ती हवी असते.

हे मला फार विलक्षण वाटतं. केंटमधल्या बागवानाची झोप उडवणारी रात्र आमच्याकडे देवाजवळ मागितली जाते. हापूसला मोहोर यायचा तर पावसाळ्यानंतर जमीन वाळायला हवी, पालवी जून व्हायला हवी आणि मग रात्री सलग काही आठवडे गार पडायला हव्यात. सतरा-अठराच्या खाली पारा उतरला की फांद्यांचे डोळे फुगायला लागतात. पंधराच्या आसपास टिकला तर उत्तमच. नोव्हेंबर सरत आला आणि तरी पहाटे पंखा लागत असला, की अण्णांची चिडचिड सुरू होते. चहा गार आहे, पेपर उशिरा आला, नातवंडं ओरडतात. खरं कारण मळभ. मळभ आलं की थंडी गेली, आणि मोहोर आलेला असेल तर तुडतुडे आणि भुरी आलीच. तुडतुड्यांनी धरलेल्या कलमाखाली उभं राहिलं की वरून बारीक चिकट शिंतोडे अंगावर पडतात, वाळलेल्या पानांवर पाय ठेवला तर चपलेला पान चिकटून येतं, आणि फांदीला हात लावला तर टपटप असा आवाज होऊन ते किडे कोनात उडतात. मोहोर दुरून तसाच गुलाबी-पिवळा दिसतो. जवळ गेलं की कळतं, वास बदललाय. गोडसर वास आंबूस झालाय.

किनाऱ्यावरच्या थंडीचं सरकारी मापही वेगळं आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली गेल्याशिवाय हवामान खातं थंडीच्या लाटेचा विचार करत नाही. किनाऱ्यावर १५ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घसरण एवढं पुरतं. पंधरा अंशांना लाट म्हणायचं, यावर विदर्भातला माझा एक मित्र पोट धरून हसतो. हसू दे. आमच्या अंगाला आणि झाडाला साडेचार अंश कळतात.

मात्र हीच थंडी जायची वेळ झाली तरी जात नाही, तेव्हाची गोष्ट वेगळी. "होळी जळाली, थंडी पळाली" हे आमच्याकडे नुसतं म्हणायचं वाक्य नाही, तो करार आहे. एका वर्षी थंडीने तो मोडला. फेब्रुवारीभर रात्री गार. दिवसा ऊन, पहाटे पुन्हा शाल. सगळं गाव खूश होतं. समुद्रावर पर्यटक, वाडीत रात्री वालाच्या शेंगांच्या पोपटीच्या मडक्याभोवती उशिरापर्यंत गप्पा, भांबुर्डीच्या पाल्याचा तो उग्र धूर. शिमग्यात पालखी नाचवणारी पोरं एरवी घामाने भिजायची, ती त्या वर्षी खांद्यावर टॉवेल गुंडाळून उभी होती. मलाही ती थंडी मनापासून आवडली होती. इतकी वर्षं फाल्गुनात एवढी सुखाची झोप लागली नव्हती.

अण्णा गप्प होते. मी बागेत गेलो तेव्हा कारण दिसलं. ज्या टोकांवर डिसेंबरचा मोहोर धरून आंबा सुपारीएवढा झाला होता, त्याच टोकांना, त्याच डेखांच्या बुडाशी, नवा मोहोर फुटत होता. दिसायला इतका सुंदर! तांबूस, तुकतुकीत, ताजा. झाड पुन्हा नवरीसारखं सजतंय असं कुणालाही वाटेल, फोटो काढावासा वाटेल. आणि झाडाखाली बघावं तर सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा. झाडाला वाटलं, हिवाळा अजून चालूच आहे. त्याने सगळा जोर नव्या मोहोराला दिला आणि अंगावरचं फळ टाकलं. देठाशी पिवळी पडलेली एक कैरी मी बोटाने नुसती हलवली तर हातात आली. कापली तर कोय अजून झालीच नव्हती, पांढरं, पाणीदार काहीतरी. लोणच्यालाही उपयोगाची नाही. नवा मोहोर धरला असता तरी तो आंबा तयार व्हायला पाऊस आला असता. बाग फळांऐवजी फुलांनी भरली होती, आणि तिकडे आमच्या अंगणात मुंबईचे पाहुणे म्हणत होते, "काय हवा आहे हो तुमच्याकडे!"

त्या हवेला चांगली म्हणावं की वाईट, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही. ज्याचं झाड नाही त्याला ठरवायला सोपं जातं, एवढंच म्हणतो.

थंडीचं हे उशिरापर्यंत रेंगाळणं युरोपात इतकं ओळखीचं आहे की त्यांनी त्याला संतांची नावं दिलीत. जर्मनीत मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना बर्फसंतांचे दिवस म्हणतात; पँक्रास, सर्व्हेशियस, बोनिफेस अशी मंडळी आणि सगळ्यांत शेवटी थंड सोफी. सोफी गेल्याशिवाय नाजूक रोप बाहेर लावायचं नाही. आपण त्याच तारखांना मृगाकडे डोळे लावून आगोटीची तयारी करत असतो, कौलं चाळत असतो, फणस-आंब्याची साठं उन्हात घालत असतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सात आधी मार्चअखेर चांगली ऊब पडली, द्राक्षवेलींना कोवळे कोंब फुटले, आणि मग ७-८ एप्रिलच्या रात्रींनी ते जाळून टाकले. शॅब्ली, बरगंडीकडच्या शेतकऱ्यांनी रात्रभर मळ्यांत मेणाचे डबे पेटवून ठेवले होते. ते फोटो मी अण्णांना दाखवले होते. डोंगरउतारावर ओळीने हजारो ज्योती. मी सौंदर्याबद्दल बोलत होतो. त्यांनी विचारलं, "एका डब्याचं मेण केवढ्याला पडत असेल रे? नि एकरी किती लागतात?" मग म्हणाले, आपल्याकडे निफाडला द्राक्षवाले शेकोट्या करतात, पहाटे बागेला पाणी सोडतात, तेच हे.

बरोबरच होतं ते. पाणी मारायची युक्ती तर मला कित्येक वर्षं उलटीच वाटायची. बर्फापासून झाड वाचवायला त्याच्यावर पाणी मारून बर्फ करायचा? पण पाणी गोठताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं. तुषार सतत चालू ठेवले तर कळीवर बर्फाचं कवच चढतं आणि आत कळी शून्याच्या आसपासच राहते, त्याखाली जात नाही. मध्येच पंप बंद पडला, तर मात्र मेलंच. वीज कुठल्या गावात किती टिकते यावर ही युक्ती चालायची, म्हणजे आमच्याकडे नाहीच.

अंदाज या गोष्टीवर अण्णांचा पूर्वी काडीचा विश्वास नव्हता. रेडिओवर "येत्या चोवीस तासांत" सुरू झालं की ते आवाज वाढवायचे ते फक्त टिंगल करण्यासाठी. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा विनोद प्रत्येक मराठी घराने केलाय, आमच्याही. तो विनोद आमच्या घरात ३ जून २०२० ला संपला. निसर्ग चक्रीवादळ येणार हे आधीपासून सांगत होते; तारीख सांगितली होती, किनारा सांगितला होता. आणि ते त्याच दिवशी, दुपारी, सांगितलं तसंच आलं. आमच्या आजोबांनी लावलेल्या पोफळी आगपेटीतल्या काड्या सांडाव्यात तशा आडव्या झाल्या नाहीत, असं कुणी म्हटलं तर मी मान्य करीन, कारण काड्या निदान अखंड असतात. तीन पिढ्यांचं काम तासा-दोन तासांत मातीमोल झालं. संध्याकाळी वारा ओसरल्यावर अण्णा अंगणात उभे राहून म्हणाले, "त्यांनी सांगितलं होतं. आपण काय करणार होतो पण?"

हा प्रश्न मला तेव्हापासून प्रत्येक अंदाजापाशी आठवतो. खरा किती, खोटा किती, यापेक्षा ऐकल्यापासून रात्र पडेपर्यंत आपल्या हातात काय उरतं? निसर्गच्या वेळी गुरं सोडणं, कौलांवर दगड ठेवणं आणि माणसं पक्क्या घरात हलवणं एवढंच होतं, आणि तेही थोडं नव्हतं; माणसं वाचली. पोफळ वाचवता येत नव्हती. उशिराच्या थंडीपुढे तर अंदाज ऐकून काहीच करता येत नाही. पुनर्मोहोरावर उपाय आहे, जिब्रेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकाची ५० पीपीएमची (दहा लाख भागांत ५० भाग) फवारणी, पण ती पहिला मोहोर फुललेला असतानाच करायची असते. म्हणजे थंडी लांबणार की नाही हे कळायच्या कितीतरी आधी. अंदाज आठवड्याचा, निर्णय दोन महिन्यांचा. या दोघांची गाठ पडायची कशी?

भाचीची बाजू त्या मानाने भाग्याची. तिच्या हातात एक अख्खी दुपार होती.

अण्णांनी फोनवरून कामं सांगितली. आधी झाडाच्या बुडात पाणी दे, आत्ताच, ऊन आहे तोवर. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते. बुडाचं गवत काढ. मग झाड झाक, पण अर्धवट डोक्यावर टोपी घातल्यासारखं नको. कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे, नाहीतर मातीची ऊब खालून निसटून जाईल. सकाळी मात्र लवकर काढ, मधमाशी यायला हवी. आणि शेकोटी? "आजोबा, इथे शेकोटी केली तर शेजारी फायर ब्रिगेड बोलावतील." मग शेकोटी राहू दे. झाड बुटकं, तिच्या खांद्याला लागणारं, म्हणून हे जमण्यासारखं होतं. तिकडे दुकानात झाडं झाकायचं पातळ कापड मिळतं म्हणे, पण दुकान लांब आणि गाडी नवऱ्याकडे. तिने घरातली सोलापुरी चादर काढली. माझ्या बहिणीने, म्हणजे तिच्या आईने, रुखवतात दिलेली, लाल-निळ्या नक्षीची. केंटच्या हिरव्यागार परसात ती चादर पांघरून उभं असलेलं सफरचंद आम्ही पडवीतून पाहिलं. टोकांना तिने विटा ठेवल्या होत्या. चादर एका बाजूला पुरली नाही. दोन फांद्या बाहेरच राहिल्या.

अण्णा त्या रात्री झोपेतून उठले तेव्हा मी जागाच होतो. "तिकडे आता किती वाजले?" साडेअकरा, मी म्हटलं. "म्हणजे खरी वेळ अजून यायचीय," असं पुटपुटत ते पाणी पिऊन परत आडवे झाले. खरंच, पारा सगळ्यांत खाली उतरतो तो सूर्य उगवण्याच्या सुमारास. तिथली पहाट म्हणजे आमचे सकाळचे दहा. आंबे पेटीत भरताना त्यांचं लक्ष फोनवर होतं. पेट्या नेणारा टेंपो दारात उभा, आणि हे विचारतात, "आला काय तिचा फोन?"

फोटो आला. गवत पांढरं, कुंपणाच्या फळ्यांवर साखर भुरभुरल्यासारखं काहीतरी, शेजाऱ्याच्या गाडीची काच घट्ट पांढरी. चादर वरून कडक झालेली. आत फुलं होती तशी, पांढरी, कडेला गुलाबी. आणि बाहेर राहिलेल्या दोन फांद्यांवरचीही तशीच! भाची आनंदात होती. "आजोबा, काही झालं नाही. सगळी शाबूत आहेत."

"शाबूत दिसतायत," अण्णा म्हणाले. "एक फूल नखाने उकलून बघ. मध्ये."

तिने बाहेरच्या फांदीवरचं फूल कॅमेऱ्यासमोर धरून उकललं. पाकळ्या टवटवीत, पुंकेसर पिवळे, आणि बरोबर मध्यभागी, जिथून फळ धरायचं तिथे, काळा ठिपका. टाचणीच्या डोक्याएवढा. दुसरं उकललं, तेही काळं. चादरीखालचं एक उकललं. आत पोपटी हिरवं. आम्ही तिघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग तिने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळणार? आंब्याच्या मोहोरात हेच तर बघत आले जन्मभर. मोहोर उमलताना रात्री फारच गार गेल्या तर नर फुलं जास्त येतात आणि ज्यातून फळ होतं ती द्विलिंगी फुलं कमी. झाड लांबून भरघोस, रस्त्याने जाणारा म्हणतो यंदा आंबा मायंदाळ, आणि धरलेलं काहीच नसतं. म्हणून अण्णा मोहोराची तारीफ कधी करत नाहीत. तुरा हातात घेतात, भिंगासारखा चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ आणतात, बारीकशा फुलाच्या पोटात हिरवा मणी आहे काय ते बघतात, आणि मग बोलतात किंवा बोलत नाहीत. सफरचंदाचं फूल तेवढं मोठं, एवढाच फरक.

भाची हिरमुसली तेव्हा त्यांनी तिला हिशेब सांगितला. आमच्या एका तुऱ्यावर फुलं शेकड्यांनी, कधी हजारांनी. शेवटी आंबा लागतो एक, फार तर दोन, बहुतेक तुऱ्यांना एकही नाही. सगळी फुलं धरली तर झाड मोडेल. मी नंतर शोधून पाहिलं, सफरचंदाचंही तसंच आहे. पूर्ण फुललेल्या झाडाला साधारण उणे दोन अंशांत दहातलं एक फूल मरतं, उणे चारच्या आसपास दहातली नऊ. आणि चांगल्या पिकाला दहातलं एक जगलं तरी पुष्कळ. उणे दोन आणि उणे चार यांत अंतर केवढंसं? पण सगळं वर्ष त्या दोन अंशांत बसतं. तिच्या झाडाला सप्टेंबरात फळं आली. लहान, आंबट, पण आली. तिने त्यांचा मुरांबा केला आणि चादर धुतली. तिच्या आईला चादरीचं अजून माहीत नाही. हा लेख तिने वाचला तर कळेल.

आता मार्गशीर्ष संपत आलाय. यंदा थंडी वेळेवर पडली, पुलाच्या वळणावर गुडघे गार पडायला लागून बरेच दिवस झाले, आणि वरच्या कलमांना पहिला मोहोर फुललाय. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी विद्यापीठाचं हवामान पत्रक फोनवर येतं. अण्णा ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात. किमान तापमान, कमाल तापमान, ढगाळ किती, वाऱ्याची दिशा. मध्येच केंटचंही वाचायला लावतात. तिकडे आत्ता झाडावर पानसुद्धा नाही, पण वाचायचं. आमचा सध्याचा वाद जिब्रेलिकचा आहे. मी म्हणतो, फवारून टाकू, त्या वर्षासारखं नको. पूड आधी थोड्या स्पिरिटात विरघळवायची, मग पाण्यात. माणसं लावायची, पंप भाड्याने आणायचा, सगळं धरून खर्च बराच होतो. अण्णा म्हणतात, थंडी वेळेवर आली ती वेळेवर जाईल, उगाच पैसे कशाला ओता. पण काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच विचारलं, यंदा होळी कितव्या तारखेला आहे. मी कॅलेंडर काढून दिलं. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं, मागे मागे मोजत आले, आणि म्हणाले, "वरच्या बारा कलमांना मारू. बाकी राहू दे."

पंपवाल्याला मी रविवारचं सांगितलंय.